ओल्या छपरावर चढलेल्या माणसाचं कौतुक करू नका

सकाळपासून एकच फोटो फिरतोय. वादळ सरून धड दिवसही झालेला नाही, आभाळ अजून भरलेलं आहे, आणि एक माणूस अनवाणी पायांनी फुटक्या सिमेंटच्या पत्र्यावर उभा राहून ताडपत्री पसरतोय. खाली शिडी टेकवलेली दिसते, ती धरायला कुणी नाही. आणि त्या फोटोखाली बदाम, टाळ्या, ‘याला म्हणतात हिंमत’, ‘सलाम’. आपल्या यादीतल्या चांगल्या, समजूतदार माणसांनी तो पुढे पाठवलाय. म्हणून लिहायला बसले. रागात लिहितेय, एखादा शब्द लागला तर लागू दे.

तो माणूस कुठे उभा आहे ते कुणी पाहिलंत का? पत्र्याखाली जिथे अँगल, म्हणजे त्याला आधार देणारी लोखंडी दांडी असते, तिथे वर हुकांची रांग दिसते. हा त्या रांगेपासून चांगला हातभर लांब, दोन अँगलच्या बरोबर मधे उभा आहे. म्हणजे त्याच्या पायाखाली फक्त पत्रा आहे. तोही जुना, शेवाळलेला, रात्रभर भिजलेला.

आमच्या शेजारचे काका असेच चढले होते. वादळानंतरची सकाळ, निजायच्या खोलीवर पत्र्याचा तुकडा उडालेला, खाली गळत होतं. काकींनी पातेली, बादल्या मांडल्या होत्या. काका म्हणाले, ‘पाच मिनिटांचं काम आहे.’ आयुष्यभर स्वतःचं छप्पर स्वतः शाकारलेला माणूस, त्यांना कोण अडवणार? सिमेंटचा पत्रा मोडताना आधी वाकत नाही, करकरत नाही, पाय काढून घ्यायला क्षणाचीही सवड देत नाही. काका सरळ खाली, खोलीत आले. खुबा मोडला, मनगट मोडलं. वाचले. आज काठी घेऊन चालतात.

‘पण ते वाचले ना’ असं मला कुणीतरी नक्की म्हणणार. हो, वाचले. पलंग जिथे होता तिथे पडले म्हणून वाचले. जरा पलीकडे फरशी होती.

छपराचं काय होतं हे नीट कळलं तरी निम्मी माणसं वर चढणार नाहीत, असं मला वाटतं. वारा छप्पर वरून दाबून मोडतो असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो ते वर ओढतो. छपरावरून जोरात जाणारा वारा वरचा दाब कमी करतो, दार-खिडकीतून शिरलेला वारा आतून रेटतो, आणि पत्रा हुकातून उपसला जातो. सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी, म्हणजे दोन उतार वर मिळतात तिथे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आता विचार करा, रात्रभर ही ओढाताण झालेल्या छपरावरचे जे पत्रे जागेवर राहिलेत, ते काय धड असतील? हुकाभोवतीची भोकं फाकलेली असतात, केसासारख्या भेगा गेलेल्या असतात, खालून त्या दिसतही नाहीत. जो गेला तो पत्रा निदान धोका दाखवून गेला. जो राहिला त्यावर माणूस विश्वासाने पाय ठेवतो.

काकांनी तेच केलं होतं. भोकापासून जपून, लांबच्या ‘चांगल्या’ पत्र्यावर पाय दिला होता. तोच मोडला.

आणि पाणी. सगळी घाई पाण्यासाठी असते ना? मग हिशोब करा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. मीटरभर लांब-रुंद भोक असेल आणि 20 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यातून थेट येणारं पाणी 20 लिटर. मोठी बादलीभर. वरच्या उतारावरून वाहून येणारं धरलं तर आणखी बऱ्याच बादल्या. त्रास आहे, रात्रभर झोप नाही, गाद्या भिजतात, भिंतींना ओल चढते, ओलं तसंच राहिलं तर एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. हे सगळं खरं आहे आणि मी ते मुळीच हलक्यात घेत नाही. पण बादली ओतता येते. काकी मला नंतर म्हणाल्या होत्या, ‘अगं, भांडी ठेवलीच होती मी. भरली की ओतत होते.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बाईने ते गळणारं पाणी सांभाळलेलं होतं.

मान्य, प्रत्येकाला थांबता येत नाही. घरात तान्हं मूल असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर पाणी अडवावंच लागतं.

पण त्यासाठी वर कशाला? आतून बांधा. भोकाच्या खाली, खोलीतच, अँगलला किंवा वाशांना जाड प्लॅस्टिक तिरकं ताणून बांधलं की सगळं पाणी एका कोपऱ्यातल्या बादलीत येतं. घर बैठं असेल तर दोराला छोटं वजन बांधून तो आढ्यावरून पलीकडे टाकायचा आणि ताडपत्री जमिनीवरून ओढून घ्यायची. पलीकडे कुणी उभं नाही हे आधी बघायचं. ताडपत्री आढ्याच्या पलीकडे उतरली पाहिजे, नाहीतर पाणी वरच्या कडेतून खाली शिरतं. कडा लाकडी पट्टीला गुंडाळून खाली खांबाला, खुंटीला आवळायच्या. वर विटा-दगड ठेवू नका हो. पुढच्या वाऱ्यात तेच कुणाच्या तरी डोक्यावर येतात.

खोलीला फॉल्स सीलिंग असेल आणि पाणी साठून पोट फुगलं असेल तर खाली उभं राहून बघत बसू नका. बाजूला उभं राहून काठीने लहान भोक पाडा, खाली पिंप ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी मेन स्विच बंद. तुटलेली वायर पत्र्याच्या छपराला टेकली असेल तर सगळं छप्पर करंट मारू शकतं, लोखंडी शिडीसकट. स्विचपाशीच पाणी साचलं असेल तर हातही लावू नका, वीजवाल्यांना बोलवा.

त्या फोटोतल्या माणसावर माझा राग नाही, हे सांगायला हवं. त्याच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतेय. घरातले सगळे वर बघत असतात. गळतं तिथे बघतात आणि मग त्याच्याकडे बघतात. कुणी ‘चढ’ म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. काकांनाही कुणी म्हटलं नव्हतं. घरच्या पुरुषाने अशा वेळी खाली बसून राहायचं कसं, हे आपण त्यांना कधी शिकवलंच नाही. काकींनी शिडीपाशी ‘राहू द्या’ म्हटलं होतं. हळू आवाजात म्हटलं होतं, कारण शेजारी सगळे बघत होते.

आणि आता पुन्हा राग येतोय, कारण त्या शेजाऱ्यांतले अर्धे नंतर म्हणत होते, ‘या वयात चढायला नको होतं.’ सकाळी मात्र ‘काका, जरा डावीकडे सरका’ म्हणून खालून सूचना देत होते! आज बदाम देणारे याहून वेगळं काय करतायत?

काका पडल्यावर घराचं काय झालं हेही ऐका. सगळे दवाखान्यात. बादल्या ओतायला घरी कोणी नाही. आधीचं भोक तळहाताएवढं होतं, आता काका पडले तिथे दाराएवढं नवं पडलेलं. त्यातून आलेल्या पावसाने कपाट, अंथरुणं, मुलीची कागदपत्रं, सगळं गेलं. जे वाचवायला ते वर चढले, ते त्यांच्या चढण्यानेच गेलं.

फुटक्या तुकड्यांबद्दलही बोलते, कारण तेही कुणी बोलत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं एक खनिज असतं. त्याचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि आजार कित्येक वर्षांनी, दशकांनी निघतो. म्हणून कोरडे तुकडे झाडूने लोटायचे नाहीत, हातोडीने बारीक करायचे नाहीत, करवत-ड्रिल लावायची नाही. पाणी शिंपडून ओले ठेवायचे, जाड पिशवीत भरायचे, मुलांना लांब ठेवायचं. साधं रुमालाचं फडकं यात कामाचं नाही, बारीक तंतू अडवणारा मास्क लागतो. काकींच्या अंगणात ते तुकडे मुलं पायाने उडवत खेळत होती आणि आम्ही सगळे दवाखान्यातल्या बातमीची वाट बघत होतो.

दुरुस्ती करायला लोक येतील तेव्हा त्यांनाही घाई लावू नका. छप्पर सुकू दे, फळ्या टाकू दे, कमरेला दोर बांधू दे. ‘संध्याकाळच्या आत करा’ म्हणणाऱ्या घरमालकाच्या घाईपायी मजूर पडतो आणि त्याचा फोटोही कुणी काढत नाही. आणि नवे पत्रे बसवताना कडांना, कोपऱ्यांना हुक कमी कमी अंतरावर मारून घ्या, ओढ तिथेच जास्त बसते.

माझ्याकडे लांब दोर आहे, दोन जाड ताडपत्र्या आहेत. जवळपास ज्यांचं छप्पर गेलंय त्यांनी निरोप टाका, मी आणि धाकटा भाऊ येतो, जमिनीवरून ओढून देतो. झोपायला कोरडी जागा नसेल तर आमच्याकडची पुढची खोली रिकामी आहे. पण घरातलं कुणी वर चढणार असेल तर ताडपत्री देणार नाही. ज्याला वाईट वाटेल त्याला वाटू दे.