कृष्णाकाठचे 3,200 कोटी: ना फुकट आलेले, ना तिजोरीत पडून असलेले

पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की सांगली-साताऱ्यात एक दावा पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: हवामान बदलाची भरपाई म्हणून जागतिक बँकेने सांगली-कोल्हापूरच्या पुरासाठी 3,200 कोटी रुपये फुकट दिले. ते आले आणि मधल्या मध्ये जिरले. तेच पूरग्रस्तांच्या खात्यावर टाकले असते आणि पुराचं पाणी दुष्काळी जत-आटपाडीला वळवलं असतं, तर प्रश्न कायमचा मिटला असता.

यात आकडा तेवढा ढोबळमानाने बरोबर आहे. राज्य सरकारच्या ‘मित्रा’ संस्थेमार्फत आखलेला हा पूरनियंत्रण कार्यक्रम साधारण तेवढ्या रकमेचा आहे. बाकीचं मात्र चुकीचं आहे, आणि त्या चुकांमुळे जिथे खरा जाब विचारायला हवा तिथे कुणाचं लक्षच जात नाही.

‘पैसा फुकटचा आहे’

हे कर्ज आहे. जागतिक बँकेच्या दोन खिडक्या आहेत. गरीब देशांना नाममात्र व्याजाने किंवा अनुदान म्हणून पैसे देणारी आयडीए, आणि बाजाराच्या जवळपासच्या दराने कर्ज देणारी आयबीआरडी. भारत 2014 मध्ये आयडीएच्या यादीतून बाहेर पडला. त्यामुळे आता मिळतं ते आयबीआरडीचं कर्ज: बदलता व्याजदर, वर सुरुवातीलाच कर्जाच्या रकमेवर 0.25 टक्के शुल्क. शिवाय 3,200 कोटींची सगळी रक्कम बँकेची नाही, त्यात राज्याचा स्वतःचा हिस्सा आहे.

करारावर सही केंद्र करतं, पण परतफेड राज्याच्या माथी असते. बाराव्या वित्त आयोगानंतर, म्हणजे 2005 पासून, महाराष्ट्रासारख्या राज्यांना परदेशी कर्ज ज्या अटींवर आलं त्याच अटींवर पुढे दिलं जातं. रुपया घसरला तर तो फटकाही राज्यालाच बसतो. 2014 मध्ये डॉलर सुमारे 61 रुपयांना होता, 2024 मध्ये 83-84 रुपयांना. तेव्हा घेतलेल्या प्रत्येक डॉलरची मुद्दल 2024 मध्ये फेडताना, व्याज बाजूला ठेवलं तरी, 22 रुपये जास्त मोजावे लागले. म्हणजे हा पैसा सांगलीच्या व्यापाऱ्याच्या आणि माणच्या मेंढपाळाच्या करातूनच फिटणार आहे.

खरं अनुदानही असतं, पण ते थोडं आणि वेगळ्या दारातून येतं. हरित हवामान निधीने आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनारपट्टीसाठी 4.34 कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं. त्यातला महाराष्ट्राचा भाग कोकणात आहे, कृष्णाकाठी नाही. अनुकूलन निधी, म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीचा निधी, फक्त अनुदान देतो, पण 2021 पर्यंत तिथे एका देशाला मिळून कमाल मर्यादा 1 कोटी डॉलर होती, नंतर ती 2 कोटी झाली. जगभराचं चित्रही असंच आहे. विकसित देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनला कबूल केलेले वर्षाचे 100 अब्ज डॉलर पहिल्यांदा जमले 2022 मध्ये. त्या वर्षीच्या 115.9 अब्जांपैकी अनुकूलनासाठी 32.4 अब्ज होते, आणि सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. ज्यांनी धूर सोडला त्यांनी पूर सोसणाऱ्यांना व्याजाने पैसे द्यावेत, हा अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पण कर्जालाच भरपाई म्हणत राहिलो, तर भरपाईची मागणी करायला आपल्याकडे शब्दच उरत नाही.

‘पैसे आले आणि गेले’

मंजूर झालेली रक्कम एका दिवसात कुठल्याच खात्यात पडत नाही. नेहमीच्या प्रकल्पात आधी राज्य अर्थसंकल्पात तरतूद करतं, निविदा निघते, काम होतं, बिल भागतं. मग झालेल्या खर्चाचा दावा दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या साहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांमार्फत बँकेकडे जातो आणि प्रतिपूर्ती मिळते. दुसऱ्या प्रकारात पैसे निकालांशी बांधलेले असतात: ठरलेलं काम झालं, त्रयस्थाने पडताळलं, की ठरलेला हप्ता सुटतो. करारात यातली पद्धत कोणती ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

म्हणून ‘3,200 कोटी कुठे गेले’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘अजून उचललेच नाहीत’ हे उत्तर मिळतं आणि विचारणारा गप्प होतो. भ्रष्टाचार होत नाही असं आम्ही म्हणत नाही. तो निविदेच्या अटींत, वाढीव अंदाजपत्रकात आणि मोजमाप पुस्तिकेत होतो, आणि शोधायचाही तिथेच.

‘खात्यावर वाटायला हवे होते’

पूरग्रस्तांना मदत मिळायलाच हवी, तीही वेळेवर. पण तिचा निधी वेगळा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत 75 टक्के केंद्राचे आणि 25 टक्के राज्याचे असतात. 2022 ते 2026 च्या निकषांनुसार 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर हेक्टरी कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत. ही रक्कम तुटपुंजी आहे. ती वाढवून मागायची तर केंद्राकडे आणि राज्याकडे. जागतिक बँकेच्या कराराकडे बोट दाखवलं की दोघंही सुटतात.

‘पाणी जतला वळवलं की पूर संपला’

हा दावा सगळ्यांत आकर्षक आहे, म्हणून जरा हिशेब करू. समजा नदीत 2 लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला 2 लाख घनफूट, पाणी वाहतंय. 11,574 क्युसेक दिवसभर वाहिले की 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट) होतं, म्हणजे दिवसाला 17 टीएमसीहून जास्त पाणी. त्यातले 1,000 क्युसेक पंपाने 100 मीटर वर उचलायचे तर पंपाची 80 टक्के कार्यक्षमता धरून सुमारे 35 मेगावॅट वीज अखंड लागेल, आणि उचलले जाईल प्रवाहाच्या अर्धा टक्का. 5,000 क्युसेक उचलले तरी अडीच टक्केच. एवढ्याने सांगलीच्या गावभागातलं पाणी उतरत नाही. दुष्काळी तालुक्यांचे तलाव पावसाळ्यातच भरून घेणं मोलाचं आहे आणि ते करावं, पण दुष्काळाचा उपाय म्हणून. त्याला पूरनियंत्रण म्हणून विकू नये.

पाण्याची पातळी फक्त कृष्णेवर ठरत नाही, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला. वारणा फुगली की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं आणि त्याच विसर्गाला पुलावर जास्त फूट दिसतात. म्हणून एकट्या कोयनेच्या विसर्गावरून काढलेला अंदाज चुकतो. वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग आणि दोन्ही खोऱ्यांतला पाऊस एकत्र मांडावा लागतो.

मग जाब कशाचा विचारायचा?

यंत्रणा चालू ठेवण्याचा. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पातळी आपोआप कळवणारी केंद्रं याआधीच जागतिक बँकेच्या जलविज्ञान प्रकल्पातून उभी राहिली आहेत. उभारणीला कर्ज मिळतं, पण प्रकल्प संपल्यावर देखभाल राज्याच्या महसुली खर्चातून करायची असते, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. अशा पर्जन्यमापकात पाणी नरसाळ्यातून छोट्या पात्रात पडतं, ठरावीक मिलिमीटरला पात्र कलंडतं आणि तेवढी नोंद होते. नरसाळ्यात पाला किंवा कोळ्याचं जाळं बसलं की धो धो पावसातही केंद्र शून्य दाखवतं. पात्र कलंडताना थोडं पाणी निसटतं, म्हणून जोराच्या पावसात नोंद कमी येते. सौर पट्टीवर झाडाची सावली पडली किंवा बॅटरी जुनी झाली की ढगाळ आठवड्यात केंद्र बंद पडतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. घाटमाथ्यावरचं एकेक केंद्र किती मोलाचं आहे ते त्यावरून समजावं.

पूररेषेचाही जाब विचारायला हवा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव आणि बांधकाम चालूच राहिलं तर कितीही कर्ज काढलं तरी नदीला जागा मिळणार नाही.

ही माहिती मिळवणं अवघड नाही. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाला इंग्रजी ‘पी’ आणि सहा अंकांचा क्रमांक असतो. त्यावरून कर्ज करार, मूल्यमापन अहवाल, साधारण सहा महिन्यांनी येणारा प्रगती अहवाल आणि आजवर उचललेली रक्कम पाहता येते. राज्याची तरतूद अर्थसंकल्पात बाह्य साहाय्यित प्रकल्पांखाली शोधावी. उरलेलं माहिती अधिकारातून: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलं तर टाळाटाळ होते. त्याऐवजी पाऊस-पातळी मोजणाऱ्या केंद्राचं नाव आणि वर्ष घालून विचारा: जून ते सप्टेंबर या काळात केंद्र किती दिवस बंद होतं, बॅटरी शेवटची कधी बदलली, देखभालीचा ठेका कुणाकडे आहे आणि कधी संपतो, त्यापुढच्या वर्षासाठी किती रुपयांची तरतूद आहे.