मग तुम्ही कोण?

शुक्रवारी दुपारी कोथरूडच्या एका सोसायटीत वॉचमनने मला मागच्या लिफ्टने पाठवलं. ‘डिलिव्हरीला पुढची लिफ्ट नाय दादा.’ मी डिलिव्हरीवाला नाही, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण डोक्यावर हेल्मेट, हातात पार्सल आणि समोरच्या रजिस्टरात ‘काम’ या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘पार्सल देणे’. गेलो मुकाट्याने. डिलिव्हरीवाल्यांनी तरी मागच्या लिफ्टने का जावं, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. त्याआधी तेरा वर्षं पुढच्या लिफ्टने जाताना कधी पडला नव्हता, हेही कबूल करतो.

तर, दिवसा मी हिंजवडीत सॉफ्टवेअर करतो आणि रात्री व रविवारी पुरुषांसाठी खणाचे शर्ट. नोकरी करता करता ब्रँड. ऐकायला बरं वाटतं. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून मागवतो. हे कापड मुळात चोळीसाठी विणलेलं, त्यामुळे पन्हा अरुंद. त्यातून 42 नंबरचा फुल शर्ट काढायचा म्हणजे कुठे ना कुठे जोड आलाच. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘साहेब, शर्ट पाहिजे का गोधडी, एकदा ठरवा.’

त्या दिवशी घरून काम होतं. गिऱ्हाईक दोन किलोमीटरवर. कुरिअरचे 70 रुपये वाचतील म्हणून निघालो. अडीचची मीटिंग कानात घेऊन.

दार उघडलं ते गिऱ्हाइकाच्या वडिलांनी. बनियन, लुंगी, कपाळावर चष्मा.

‘चिरंजीव ऑफिसात आहेत. काय आहे?’

‘शर्ट आहे काका.’

‘उघडा.’

‘अहो, त्यांच्या नावाचं पार्सल...’

‘उघडा म्हणतो ना. मागच्या महिन्यात मिक्सर मागवला तर तवा आला.’

उघडलं. काकांनी चष्मा खाली ओढला, शर्ट उजेडात धरला आणि म्हणाले, ‘ही तर चोळी आहे.’

‘कापड खणाचं आहे. शर्ट पुरुषांचा.’

‘आमची आई याच रंगाची घालायची.’ दोन क्षण ते हळवे झाले. मीही झालो, सवयीने. आमचं निम्मं गिऱ्हाईक आईच्या आठवणीने येतं आणि उरलेलं निम्मं किंमत ऐकून जातं. पण काका लगेच सावरले. ‘बिल?’

बिल दिलं. इथे माझं नशीब फिरलं, कारण काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले निघाले, तेही जीएसटी आल्यानंतर. बिलावरून बोट फिरवत ते पुटपुटू लागले. ‘कोड बासष्ट शून्य पाच. पुरुषांचे शर्ट. बरोबर. 1850. पाच टक्के. बरोबर.’ मग वर बघून, ‘सप्टेंबर 2025 च्या आधी काय लावत होतात?’

‘बारा. तेव्हा हजाराच्या वर बारा होता.’

‘आणि किंमत?’

‘हीच.’

‘मग मधले सात टक्के कुठे गेले?’

मी म्हटलं, खणाचा भाव वाढला, शिलाई वाढली. काका हसले. तीस वर्षं व्यापाऱ्यांकडून हेच ऐकलेल्या माणसाचं हसू होतं ते. मला प्रथमच आपण व्यापारी असल्यासारखं वाटलं. जेमतेम मिनिटभर.

‘प्रोप्रायटर कोण?’

‘बायको.’

हे सांगणं भाग आहे. नोकरीच्या करारात दुसरा धंदा करू नये असं कलम आहे, म्हणून सगळं बायकोच्या नावावर. ती शाळेच्या सुट्टीत सह्या करते आणि खणाच्या गठ्ठ्यांनी कपाट अडवलं म्हणून भांडते. बाकी सगळं मी.

‘मग तुम्ही कोण?’ काकांनी विचारलं.

मी विचार केला. कागदावर मालक नाही. भागीदार नाही. पगारी नोकरही नाही.

‘मी... डिलिव्हरी.’

‘मग आत या, उन्हात का उभे,’ असं काहीतरी ते म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘थांबा,’ आणि तिथेच दारात, बनियनवर, त्यांनी मुलाचा शर्ट चढवला. बटणं लावली. हात वर केले, खाली केले, सूर्यनमस्काराला उभे राहतात तसे. समोरच्या फ्लॅटच्या काकू बाहेर आल्या. ‘वा! साखरपुडा कुणाचा?’

‘काज बघा, तिसरं तिरकं आहे,’ काका त्यांना म्हणाले. मला म्हणाले, ‘शिलाई किती देता?’ त्याच क्षणी कानात बॉसने विचारलं, ‘तुझं एस्टिमेट किती?’ आमचा बॉस सांगलीचा, दोघांचा आवाज आणि सूर सारखाच. मी म्यूट काढून सांगितलं, ‘चारशे ऐंशी.’

कानात शांतता.

‘तास?’

आता माघार कशी घेणार. ‘हो.’

‘ठीक आहे, प्लॅनमध्ये टाकतो,’ बॉस म्हणाला. एका माणसाचं तीन महिन्यांचं काम मंजूर झालं. काका मात्र म्हणाले, ‘चारशे ऐंशी फार होतात. आणि खांदा उतरलाय. अर्धा इंच. परत न्या.’

परत आणला. मागच्याच लिफ्टने.

आता राग येतो तो काकांचा नाही. माझा एक मावसभाऊ मॉलमध्ये चार हजारांचा शर्ट घेतो, काज सोडा, बाही तिरकी असली तरी घेतो, त्याला ‘फिट’ म्हणतो. तोच मला म्हणतो, ‘घरचाच आहेस, कॉस्ट टू कॉस्ट दे की.’ फोटोखाली किंमत ठळक लिहिलेली असते आणि त्याखाली चाळीस जण विचारतात, किंमत काय? सांगितली की गप्प. आत्याने तर पहिला शर्ट बघून हलक्या आवाजात विचारलं, ‘नोकरी गेली का रे?’ रात्री दीडपर्यंत बटणं मोजतो आम्ही, आणि सगळ्यांना वाटतं हा छंद आहे. बोन्साय करतात तसा.

संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. खांदा दाखवला. वाटलं, नाही म्हणतील, मग आपण चिडू. मास्तरांनी टेप लावली, नाकातून श्वास सोडला आणि म्हणाले, ‘अर्धा इंच. बरोबर बोलले ते. काजाचंबी बरोबर.’ मग जरा थांबून, ‘माझा काजवाला गावाला गेलाय. दुपारी मोकळे असतात का हो ते काका?’

शर्ट दुरुस्त झालाय. बायकोने नवं बिल करून दिलं, सही ठोकली, आणि खाली तिच्या शाळेतल्या टपोऱ्या अक्षरात ‘मार्फत: डिलिव्हरी’ असं लिहून माझं नावही घातलं नाही. उद्या शनिवार, चिरंजीव घरी असतील म्हणून फोन केला. ते म्हणाले, मी बाहेर आहे, पण बाबा आहेत ना घरी. ते वाटच बघतायत.