इच्छा होती, कडी नव्हती

'मनात आणलं तर नोकरी सांभाळूनही बाळाला अंगावरचं दूध देता येतं', हे नोकरी करणाऱ्या आयांच्या स्तनपानावरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच पटलं. मनात माझ्या भरपूर होतं, ऑफिसात आतून कडी लागणारी खोली नव्हती. शेवटी स्टेशनरीच्या स्टोअररूममध्ये कागदांच्या गठ्ठ्यावर बसून पंप करायचे आणि बाहेर आमच्या सफाईवाल्या मावशी राखण करायच्या. दूध पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये, डब्यावर 'कारल्याची भाजी' अशी चिठ्ठी. कोणी हात लावला नाही कधी! घरी नेताना बर्फाच्या पिशव्या, कारण फ्रिजबाहेर चार तासांच्या वर ठेवायचं नाही आणि आमची लोकल वेळेवर आली तर शपथ.

२६ आठवड्यांची पगारी रजा आता सगळ्यांना माहीत आहे. पण बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यायचा, ही तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघरही आलं. आमच्या एचआरला हे मीच दाखवलं, तेव्हा कुठे खोली मिळाली. पुढे बिनपगारी रजा वाढवायचा विचार घराच्या हप्त्यापाशी अडला.

माझी नणंद घरीच ब्लाउज शिवते. तिला कसली रजा? पाजायला उठली की तेवढी शिलाई बुडाली. शेजारपाजारचे मात्र म्हणतात, 'तू काय, घरीच असतेस.'