डिस्क्रॅम्बलरचं किट विकायचंय? मग आधी वही घाला

समजा तुम्ही १९८० च्या दशकातल्या अमेरिकेत आहात, घराला गॅरेज आहे, हातात सोल्डरिंग गन आहे आणि डोक्यात धंदा घोळतोय. मग वेळ कशाला घालवताय, केबल टीव्हीच्या डिस्क्रॅम्बलरची, म्हणजे कंपनीने मुद्दाम बिघडवलेलं चित्र सरळ करणाऱ्या डब्याची, किटं विका. केबल कंपनी जादा पैशांच्या चॅनलचा सिंक पल्स मुद्दाम दाबून पाठवते, म्हणजे सेकंदाला साधारण १५,७३४ वेळा टीव्हीला "चल, नवी ओळ सुरू कर" अशी जी हाक जाते ती त्याला ऐकूच येत नाही, मग चित्र तिरकं होऊन वाहत सुटतं, हिरोचं नाक इकडे आणि कान पार स्क्रीनच्या त्या टोकाला. तुमचं किट ती हाक परत मोठी करून देतं, बास. एवढ्याशा गोष्टीचे कंपनी दर महिन्याला पैसे मागते म्हणजे चोर कोण, तुम्हीच सांगा.

पॅकिंग साधंच ठेवा. झिपवाली प्लास्टिकची पिशवी, त्यात हिरवी पीसीबी (सर्किटची पाटी), कागदी पट्टीला चिकटवलेले रेझिस्टर, काळ्या फोममध्ये खुपसलेल्या दोन-तीन आयसी आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला सर्किटचा कागद. एक पार्ट मात्र आठवणीने काढून ठेवा आणि तो कुठल्या दुकानात मिळतो ते कागदावर लिहून द्या. म्हणजे तुम्ही डिस्क्रॅम्बलर विकलाच नाही, नुसते सुटे भाग विकले! मिसळ आम्ही देतो, तर्री शेजारून घ्या, म्हणून आमचं हॉटेल नाहीच. जज हसला तर तो खूश झालाय असं समजा.

जाहिरातीत "फक्त शैक्षणिक उपयोगासाठी" हे सगळ्यात बारीक टायपात टाका. आणि त्याच्या बरोब्बर वर, ठळक अक्षरात, हे किट जेरॉल्ड, ओक, झेनिथ या डबेवाल्या कंपन्यांच्या कुठल्या कुठल्या सिस्टिमवर चालतं ती यादी द्या, कारण विद्यार्थ्याला अभ्यासासाठी हे कळायलाच हवं ना. गिऱ्हाइकाकडून सही पण घ्या की मी केबल कंपनीची परवानगी काढूनच हे वापरीन. आपल्याकडे आकडा टाकून वीज घेणारा निदान गुपचूप घेतो हो, वायरमनला पावती फाडून देत नाही. तुमचं तसं नको, तुमचं सगळं लेखी पाहिजे, नाहीतर सरकारी वकील बिचारा कोर्टात काय दाखवणार?

माल पोस्टानेच पाठवा. १९८४ च्या केबल कायद्यात किटवाल्यांची सोय आहेच, पण पोस्ट वापरलं की मेल फ्रॉडचं, म्हणजे पोस्टातून फसवणुकीचं, कलमही सोबत येतं आणि फोर्थ सर्किट कोर्टाने (तिकडे अपिलाची कोर्टं विभागवार असतात, त्या विभागाला सर्किट म्हणतात) १९९१ मध्ये डिकोडर, म्हणजे डिस्क्रॅम्बलरच, विकणाऱ्याची तसली शिक्षा कायमही केलीय. "लहरी आपण होऊन माझ्या घरात शिरल्या" हा डायलॉग जपून वापरा, लॉस एंजेलिसमध्ये हवेतून येणाऱ्या पैसेवाल्या चॅनलचे डिकोडर विकणाऱ्यांचं नाइन्थ सर्किटपुढे १९८१ मध्येच काही चाललं नाही, आणि तुमचा सिग्नल तर सरळ वायरीतून येतो.

आता गॅरेज कुठे घ्यायचं ते बघा, खरी गंमत तिथेच आहे. अमेरिकन कायद्यातली कलमं दोन, ६०५ मुळात हवेतल्या सिग्नलच्या चोरीचं आणि ५५३ केबलच्या. ६०५ लागलं तर विकलेल्या प्रत्येक डब्यामागे १०,००० ते १,००,००० डॉलर भरपाई. ५५३ लागलं तर सगळं मिळून २५० ते १०,०००, आणि धंद्यासाठी मुद्दाम केलंत म्हणून फार तर आणखी ५०,०००. वायरीतल्या सिग्नलला यातलं कुठलं लागतं यावर कोर्टांचंच जमेना. १९९६ मध्ये न्यूयॉर्कवाल्या सेकंड सर्किटने दोन्ही लागतात म्हटलं, त्याच वर्षी शिकागोच्या सेव्हन्थने फक्त ५५३ म्हटलं आणि २००१ मध्ये न्यू जर्सीच्या एका केसमध्ये थर्ड सर्किटही तेच म्हणालं. म्हणजे तीच पिशवी, तोच पुसट कागद, हडसन नदी ओलांडली की भाव बदलतो. भाड्याच्या आधी सर्किट विचारा, इलेक्ट्रॉनिक्सचं नव्हे, कोर्टाचं.

गिऱ्हाइकांची वही मात्र सुवाच्य अक्षरात ठेवा, नाव, पत्ता, किती नग. छापा पडला की तीच आधी उचलतात, शोधाशोध नको त्यांना.

गिऱ्हाइकांची काळजी तुम्ही करू नका, ती स्वतःच चालत जातात. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या केबल कंपनीने वायरीतून एक सिग्नल सोडला, त्याने फक्त चोरीचे चिप बसवलेले डबे बंद पडले, आणि ३१७ लोक डबा काखेत मारून तक्रार करायला कंपनीच्याच दारात! पुढच्या वर्षी हार्टफर्डच्या कंपनीने तर बॉक्सिंगच्या मॅचमध्ये फुकट टी-शर्टची जाहिरात टाकली, जी चोरून बघणाऱ्यालाच दिसेल अशी. जवळपास १४० जणांनी फोन करून स्वतःचा पत्ता दिला. शर्ट खरंच आला, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीवर सही घेऊन, आणि मागून दंडाचं पत्र. तेव्हा फोनवर साइज तेवढी नीट सांगा, बदलून मिळत नाही.