शक्ती कमी पडत नाही, तिचा तोल जातो

‘प्रतिकारशक्ती कमी पडली की सेप्सिस होतो’ हे सेप्सिसवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. अशक्त माणसाला धोका जास्त, हे कबूल. पण सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गापायी अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, जिवावर बेततं ते शरीराच्याच बेताल प्रतिसादामुळे. सेप्सिसच्या २०१६च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही भर आहे तो यावरच.

माझ्या मामांचं अपघातात मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ताप, धाप, नाडी १२०च्या वर. आम्हाला वाटलं, जखम चिघळली. पण रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, काहीच सापडलं नाही. आयसीयूतल्या डॉक्टर मॅडमनी तेव्हा जे समजावलं ते आजही लख्ख आठवतं. संसर्ग नसतानाही शरीर सेप्सिससारखंच बिथरू शकतं. चिरडलेल्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचे, तुकडे रक्तात उतरतात. मायटोकाँड्रिया मुळात जिवाणूंचेच वंशज, त्यामुळे त्यांचा डीएनए पाहून पांढऱ्या पेशींना वाटतं, जंतूच घुसले! मग सायटोकाइन्सचा, म्हणजे दाह भडकवणाऱ्या रसायनांचा, मारा सुरू होतो, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात. त्याच सुमारास दुसरीकडे प्रतिकारशक्ती थकते आणि खऱ्या संसर्गाला दार उघडं होतं. म्हणूनच नुसता दाह दाबून भागत नाही. टीएनएफ हे असंच एक सायटोकाइन; ते रोखणारी औषधं १९९०च्या दशकात सेप्सिसवर वापरून पाहिली, अपेक्षित यश आलं नाही.

लेखकांना कळकळीची विनंती, लक्षणंही लिहा: ताप किंवा उलट अंग गार पडणं, धाप, लघवी कमी होणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं. अशा वेळी काढे उकळत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं. सेप्सिसमध्ये तासातासाने फरक पडतो.