सिंहाचं तोंड कुठे करायचं?

भिंतीवर इंग्रजी खानदानी ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह रंगवलेली ढाल, लावायची हौस आली की पहिला घोटाळा सिंहाच्या तोंडावरून होतो. हौशी गृहस्थाला वाटतं, सिंहाने दरवाजाकडे बघावं, म्हणजे पाहुण्यावर आल्या आल्या जरब बसेल. दरवाजा उजवीकडे असला तर फाइल कॉम्प्युटरवर आडवी पलटवायची की झालं! आता ढालीची उजवी बाजू म्हणजे ती हातात धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, वेगळं काही नमूद नसेल तर, तिकडेच बघतो. पलटवलेला सिंह रणांगण सोडून निघालेला दिसतो. मला विचाराल तर दरवाजा हलवावा.

मग रंग. ढालीचं अधिकृत वर्णन शब्दांत असतं. त्यात ‘निळा’ असं म्हटलेलं असतं, छटा कोणती हे चित्रकारावर सोडलेलं. त्यामुळे सोफ्याशी जुळणारा निळा हवा, हा हट्ट चक्क नियमात बसतो. हट्ट पुढे सरकतो तिथे गाडी अडते. सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लांबून माणूस ओळखू यावा यासाठी ही सगळी खटपट, आणि निळ्यावरचा हिरवा सिंह दहा पावलांवरून ओल आल्यासारखा दिसतो. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचे क्रॉस लावले होते; तो अपवाद इतका प्रसिद्ध आहे की कुठलाही नियमभंग करणारा आधी त्याचाच दाखला देतो.

डिझाइन जितकं साधं तितकं बरं. निळ्या जमिनीवर एक तिरका सोनेरी पट्टा, एवढ्यासाठी स्क्रोप आणि ग्रोव्हनर ही दोन घराणी 1385 पासून भांडली, कवी चॉसर साक्षीला आला, आणि 1390 मध्ये राजा दुसऱ्या रिचर्डने निकाल स्क्रोपच्या बाजूने दिला. आजचं गिऱ्हाईक एवढं साधं डिझाइन बघून विचारतं, ‘बाकीचं कधी होणार?’

जुन्या पुस्तकातलं काळं-पांढरं चित्र नमुना म्हणून हाती आलं तर जपून. त्यातल्या रेघा हीच रंगाची खूण असते. आडव्या रेघा निळ्यासाठी, उभ्या लालसाठी, दोन्हींची जाळी काळ्यासाठी, ठिपके सोन्यासाठी. कोरं ठेवलं ती चांदी. ही पद्धत 17 व्या शतकात रुळली. कोरणाऱ्या मशीनला हे कोण सांगणार? ती प्रत्येक रेघ इमानदारीने कोरते आणि वर चढवलेला निळा रंग त्या खाचांत साचून बसतो.

ढालीवरच्या शिरस्त्राणातही हुद्दा असतो. इंग्रजी रिवाजात बंद, एका बाजूला बघणारं पोलादी शिरस्त्राण साध्या सद्गृहस्थाचं. समोर बघणारं, झडप उघडी असलेलं नाइट किंवा बॅरोनेट या किताबवाल्यांचं. समोर बघणारं, जाळीदार, सोन्याचं ते थेट राजाचं. तयार चित्रांच्या संग्रहात हेच शेवटचं सर्वांत देखणं असतं, त्यामुळे दिवाणखान्यादिवाणखान्यांत राज्याभिषेक झालेले आहेत. शिरस्त्राणावरच्या कापडी वळीला सहा पीळ असतात, आणि बघणाऱ्याच्या डावीकडून पहिला धातूच्या रंगाचा.

आडनावावरून ढाल मिळते, हा समज मात्र कुणीही कितीही समजावलं तरी जात नाही. इंग्लंडमध्ये ती एका माणसाला दिली जाते आणि त्याच्या वंशात उतरते. नुसतं आडनाव जुळून भागत नाही. हे बघणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, हिला तिसऱ्या रिचर्डने 1484 मध्ये सनद दिली. स्कॉटलंडमध्ये प्रकरण आणखी कडक. तिथे लॉर्ड लायन या ढालींच्या अधिकाऱ्याचं कोर्ट आजही चालू आहे आणि त्याला स्वतःचा सरकारी वकील आहे. इंग्लंडचं शिव्हल्री कोर्ट, म्हणजे ढालींचे वाद ऐकणारं कोर्ट, दोनशेहून जास्त वर्षं झोपलं होतं, ते 1954 मध्ये जागं झालं, कारण मँचेस्टरच्या एका नाट्यगृहाने शहराचं चिन्ह वापरलं होतं. शहर जिंकलं. तेव्हा ढाल दुसऱ्याची असेल तर खाली मूळ मालकाचं नाव लिहून ती शोभेची म्हणून लावावी.

आता खरा छळ, सोनं. छपाईत चार शाईंतून सोनेरी काढायला गेलात तर मोहरीची चटणी मिळते. म्हणून वर्ख. वहीत 25 पानं, पान 80 मिलिमीटर चौरस. 60 सेंटिमीटर उंच, 50 रुंद ढालीची सगळी जमीन सोनेरी करायची तर 2 वह्या धराव्यात. ढाल एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीची, असेल तर आधी तिच्या कडांना सीलरचे दोन हात. कडा रंग पितात आणि मग फुगतात. शेजारचे रंग पूर्ण वाळू द्यावेत, त्यांवर टाल्कम पावडर फिरवून झटकावी, नाहीतर वर्ख नको तिथे चिकटतो आणि सिंहाला सोनेरी खरूज होते. मग तेलाचं साइझ, म्हणजे वर्ख धरून ठेवणारा चिकट लेप, 12 तासांनी वर्खाला तयार होणारं. 3 तासांचं घेणाऱ्याला वर्ख लावायला मिळणारा वेळही तेवढाच कमी. बोटाचं पेर टेकवल्यावर किंचित ओढ लागावी, साइझ बोटाला लागू नये. ओलं असताना घाई केली की वर्ख बुडतो, निस्तेज होतो. उशीर झाला की चिकटतच नाही. पंखा बंद, खिडकी बंद, आणि शिंक आली तर दुसऱ्या खोलीत जाऊन द्यावी, कारण वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास असते. चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाने काळवंडतो, म्हणून तिथे ॲल्युमिनियमचा घ्यावा. स्वस्तातला सोनेरी वर्ख म्हणजे पितळ. वरून लॅकर नसेल तर हळूहळू तपकिरी होतो.

टांगणं सोपं वाटतं. 18 मिलिमीटर जाडीची ही ढाल सुमारे 3 किलोची, आणि खाली निमुळती असल्यामुळे वजन वरच्या भागात. एका खिळ्यावर लटकवली की कुणी दार आपटलं तरी कलते. वरच्या तिसऱ्या हिश्शात, शक्य तितक्या अंतरावर, मागून दोन डी-रिंग, म्हणजे टांगायच्या कड्या. भिंतीत प्लग घालून दोन स्क्रू, स्पिरिट लेव्हल लावूनच. खालच्या टोकामागे डी-रिंगच्या जाडीएवढा रबरी तुकडा चिकटवावा, नाहीतर टोक भिंतीत घुसतं आणि वरचा भाग पुढे झुकून सिंह जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत राहतो. झटकताना ओला फडका अजिबात नको.