तोयोकान वगळू नका
‘मुख्य इमारत होन्कान पाहिली की तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय झालं, तोयोकान वेळ उरला तरच बघा’ हा संग्रहालयावरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. निदान भारतातून जाणाऱ्याने तरी तो मानू नये. तोयोकान ही संग्रहालयाची आशियाई कलेची इमारत; तिथे गांधारच्या दगडी बुद्धमूर्ती आहेत, चीन आणि कोरियातल्या मूर्ती आहेत. त्या आधी पाहून मी होन्कानमधल्या जपानी मूर्तींसमोर उभी राहिले, तेव्हा चेहरा आणि वस्त्रांच्या चुण्या देशागणिक कशा बदलत गेल्या हे डोळ्यांना आपोआप दिसायला लागलं. उलट क्रमाने गेलं तर ही मजा निम्मी होते.

आणि होर्यूजी या जुन्या जपानी बौद्ध मंदिराच्या ठेव्याची स्वतंत्र इमारत लेखात नाहीच! १८७८ मध्ये मंदिराने सम्राटांच्या घराण्याला दिलेल्या तीनशेहून अधिक वस्तू तिथे आहेत. काळोख्या दालनात ओळीने मांडलेल्या वीतभर उंचीच्या सोनेरी मूर्ती मी कितीतरी वेळ बघत होते. याच ठेव्यात सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत ताडपत्रंही आहेत, त्यांवर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र हे बौद्ध सूत्र लिहिलेलं आहे. नाजूक वस्तू सतत मांडून ठेवत नाहीत, म्हणून जाण्याआधी संकेतस्थळावर काय मांडलंय ते जरूर बघा.